एल्मा रोज मुम्मोला विचारते

थिंबल बेमध्ये सकाळचे सात वाजले हे कळायला कुणाला घड्याळ लागत नाही. फायर हॉलमधून एक कर्कश किंकाळी उठते, पाच-दहा सेकंद टिकते आणि गप्प होते. गावात नवा आलेला पाहुणा दचकून कॉफी सांडतो. आम्ही फक्त म्हणतो, "एल्माने मुम्मोला फुस्स दिलं," आणि पुढचा घोट घेतो.

मुम्मो म्हणजे आजी. इथल्या फिनिश घरांत आजीला तेच म्हणतात. आणि आमची मुम्मो म्हणजे हवेत कोणता गॅस आहे ते सांगणारं मीटर. पिवळ्या रबरी आवरणातलं, हातात सहज मावणारं. बंबाच्या केबिनमध्ये चार्जरवर बसलेलं असतं. हे नाव एल्मा पेल्टोलाने ठेवलं, कारण तिच्या मते आजीचं आणि या यंत्राचं काम एकच. परक्या घरात शिरल्या शिरल्या नाक वर करून हुंगायचं, आणि काही खटकलं की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचं. पाण्याच्या टँकरवर आणखी एक मीटर आहे, जुनं, जड आणि घोगऱ्या आवाजाचं. त्याचं नाव पप्पा. फिनिश लोकांत पप्पा म्हणजे आजोबा. माझ्यासारख्या कॉर्निश घरातल्या माणसाला हे कळायला दोन वर्षं लागली.

मी लाइल पेंगेली. गावातलं हार्डवेअरचं दुकान माझं, आणि गेली बावीस वर्षं बंब मीच चालवतो. आमच्यात पगारी कोणी नाही, सगळे स्वयंसेवक. भोंगा वाजला की हातातलं टाकून धावायचं. हे लिहितोय ते एल्माबद्दल, पण त्यात माझी एक घोडचूक आहे. ती मी लपवणार नाही. एकदा लपवून बघितली, तेवढं पुरे झालं.

एल्माने एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. आज गावात चाळिशी-पन्नाशीला आलेलं जे कोणी आहे, ते सगळं तिच्या हातचं खाऊन वाढलं. कोण बीट नॅपकिनमध्ये लपवायचं, कोण दुसऱ्याच्या ताटातलं पुडिंग उचलायचं, तिला सगळं पाठ. त्यामुळे तिच्यापुढे फार शहाणपणा चालत नाही. आमचा चीफ गॉर्डी ट्रेंब्ले बावन्न वर्षांचा, आडव्या बांध्याचा गडी. तो रेडिओवर बोलायला लागला की रस्त्यावरची कुत्री उठून बसतात. पण एल्माने नुसतं "गॉर्डी, बीट" म्हटलं की त्याचे कान लाल होतात.

ती आमच्यात आली ती एक्केचाळिसाव्या वर्षी. त्या जानेवारीत तीन दिवस बर्फ थांबला नव्हता. एल्मा आणि तिचा नवरा उर्हो, दोघंही डोकं धरून पडले होते. फ्लू असेल म्हणून तिने कोंबडीचं सूप केलं, पण चमचा तोंडाकडे नेताना हात भलतीकडेच जायला लागला. शेजारणीने फोन केला. त्या वेळचा चीफ आत शिरला आणि त्याच्या हातातलं विटेएवढं यंत्र दारातच किंचाळलं. घर तापवणाऱ्या भट्टीचा धूर बाहेर टाकणारी नळी बर्फाखाली गाडली गेली होती आणि घरभर कार्बन मोनॉक्साइड साचला होता. त्याला ना रंग, ना वास. डुलकी लागावी तसा माणूस जातो. दोघांना ओढून बाहेर काढलं. उर्हो बर्फात बसून ओकत होता आणि एल्मा टक लावून त्या यंत्राकडे बघत होती.

"हे आमच्याकडे आधी असतं," ती म्हणाली, "तर सूप वाया गेलं नसतं."

पुढच्या मंगळवारी, सरावाच्या वेळी, ती हॉलच्या दारात हजर. सोबत दालचिनीच्या पावांचं ताट. तिला नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही, आणि खरं सांगायचं तर ताट बघितल्यावर कुणाची इच्छाही झाली नाही.

पासष्टीनंतर पेटत्या घरात शिरायचं नाही असा नियम आहे. पासष्ट पूर्ण झाली त्या दिवशी तिने हेल्मेट खुंटीला लावलं, कुरकुर केली नाही. मीटर मात्र हातचं सोडलं नाही.

तिचं सकाळचं काम मी इतक्यांदा बघितलंय की झोपेतही सांगेन. हॉलची किल्ली बुटाच्या नाडीत ओवून तिच्या गळ्यात असते. कुलूप उघडायचं, मुम्मोला चार्जरवरून उचलायचं आणि पहिल्यांदा बाहेर झेंड्याच्या खांबापाशी जायचं. तोंड तलावाकडे, पाठ गॅरेजकडे. तिथे मीटर सुरू करायचं, म्हणजे सुरू होताना ते स्वच्छ हवा हुंगतं. एका फेब्रुवारीत मी थंडीचा कंटाळा करून गॅरेजमध्येच सुरू केलं. बंब नुकताच आत आला होता. एल्मा दारातून बघत होती, हे मला काय माहीत!

"लाइल, सुरू होताना ती काय करते ठाऊक आहे? भोवतालची हवा हुंगते आणि ठरवते, हीच शुद्ध हवा. तू तिला गाडीच्या धुरात जागं केलंस. आता उद्या कुणाच्या घरात एवढाच धूर भरलेला असला तरी ती म्हणणार, छान आहे, झोपा."

"बाहेर उणे वीस आहे गं."

"मग टोपी घाल."

मी टोपी घातली. काय करणार?

बाहेरचं झालं की आत येऊन फुस्स. एक छोटी बाटली असते, तिच्यात मोजूनमापून भरलेला गॅस. तिची नळी मुम्मोच्या तोंडाला लावायची आणि झडप उघडायची. पडद्यावर चार आकडे असतात. एक प्राणवायूचा, एक पेट घेणाऱ्या गॅसचा, एक त्या कार्बन मोनॉक्साइडचा आणि एक गटारातल्या सडक्या अंड्यांच्या वासाच्या गॅसचा. प्राणवायूचा आकडा खाली यायला हवा, बाकीचे तिन्ही चढायला हवेत, आणि मुम्मोने किंचाळायला हवं. मग एल्मा झडप बंद करते आणि वहीत पेन्सिलने लिहिते. वहीत फक्त आकडे असतात असं समजू नका. "उणे एकवीस. वारा तलावाकडून. चारही ठीक. लाइल उशिरा." असल्या नोंदींनी सहा वह्या भरल्या आहेत.

"किंकाळी आली म्हणजे झालं की," मी एकदा म्हणालो होतो. "गावाला इथपर्यंत ऐकू येते."

"गावाने किंकाळी ऐकावी. मी आकडे बघते."

कामावर गेल्यावरही तिची तीच तऱ्हा. दारातून आत एक पाऊल टाकलं की थांबायचं आणि तीस मोजायचे. "तिला श्वास घेऊ दे. तू धावलास म्हणून ती भराभर हुंगणार आहे का?" टाकीतला प्रोपेन असेल तर मीटर आधी जमिनीशी न्यायचं, कारण तो जड असतो, पाण्यासारखा खाली उतरून तळघरात बसतो. हे तिने मला इतक्यांदा सांगितलं की एकदा दुकानात गिऱ्हाईक वरच्या फळीवरचे खिळे मागत होतं आणि मी आधी खाली वाकलो.

उर्हो गेला त्याला आता सहा वर्षं झाली. तो गेल्यानंतर आठवड्याभरातच सकाळी सातला किंकाळी ऐकू आली तेव्हा मी कॉफी तशीच ठेवून हॉलवर गेलो. म्हटलं, बाई, दोन दिवस घरी बस. ती वहीत लिहीत होती. वर न बघता म्हणाली, "घरी मला आता कोणी विचारत नाही, बरी आहेस का म्हणून. मीही कुणाला विचारू शकत नाही. इथे निदान एकीला तरी विचारते." त्या दिवशी घरी परत जाताना मी रस्त्यात रडलो, हे इथे पहिल्यांदाच सांगतोय.

आणि तरीही जूनच्या बैठकीत मी तिच्या विरोधात हात वर केला.

झालं असं की गॉर्डीला सगळीकडे काटकसर सुचली होती. रोज फुस्स देऊन बाटल्या संपतात, महिन्यातून एकदा केलं तरी चालेल, असं त्याच्या डोक्यात बसलं. त्याने एल्माच्याच वह्या टेबलावर मांडल्या आणि पानं उलटत गेला.

"ही बघा. मुम्मो आली तेव्हापासून नऊ वर्षं. ठीक, ठीक, ठीक, ठीक. एकदा तरी ठीक नाही असं आहे? एल्मा, तू हिला तीन हजार वेळा विचारलंस, तीन हजार वेळा ती हो म्हणाली. मी बायकोला इतक्यांदा विचारलं तर ती घर सोडून जाईल."

सगळे खो खो हसले. मीही हसलो, विनोद चांगलाच होता. एल्मा हसली नाही. तिची इतक्या वर्षांची शिस्तच गॉर्डीने तिच्यावर उलटवली होती.

"ठीक आहे हे तुला कसं कळलं, गॉर्डी?" ती एवढंच म्हणाली. "मी विचारलं म्हणूनच ना?"

हात वर झाले. सात विरुद्ध एक. त्या सातांत मी होतो, कारण माझ्या आजूबाजूचे सगळे हात वर होते. दुसरं कारण नाही.

"बरं," एल्मा म्हणाली. "चार जुलैला शेवटची नोंद करते आणि किल्ली देते."

पुढचे तीन आठवडे सकाळची किंकाळी आली की मी रेडिओ मोठा करायचो. म्हातारीच्या हातातलं एकुलतं एक काम आपण काढून घेतलं, हे मला कळत होतं. माफी मागायची तर तोंड उघडावं लागतं, आणि त्या बाबतीत आम्ही पेंगेली मुळातच मठ्ठ. म्हणून मी दुसरा मार्ग काढला. तीन जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीच्या आदल्या दिवशी, आम्ही सगळे बंब घासायला जमलो. गॉर्डीचा त्या चकाकीवर फार जीव. दुकानातून मी नवाच आलेला फवारा नेला होता, लिंबाच्या वासाचा, रबर आणि प्लॅस्टिक आरशासारखं करणारा. केबिन पुसून झाल्यावर माझी नजर मुम्मोवर गेली. नऊ वर्षांत तिचं पिवळं रबर पार मळकट झालं होतं. म्हटलं, उद्या एल्माचा शेवटचा दिवस, तिला ही नवी कोरी दिसू दे. मी मुम्मोवर पुढून-मागून चांगला भरपूर फवारा मारला आणि मऊ फडक्याने पुसलं. अशी चमकली म्हणता! चार्जरच्या वर एल्माच्या अक्षरातली एक चिठ्ठी चिकटवलेली होती. नऊ वर्षं डोळ्यांसमोर असलेली चिठ्ठी कोण वाचतं?

चार जुलैला सकाळी किंकाळी नेहमीसारखीच आली. मी हॉलवरच होतो, बंबाला झेंडे बांधत. किंकाळी थांबली, पण एल्मा वहीकडे गेली नाही. तिने परत नळी लावली. परत किंकाळी. मग तिने मुम्मोला नाकापाशी नेलं.

"हिला लिंबाचा वास कसला येतोय?"

मी झेंड्याची गाठ घट्ट करायला लागलो. ती आधीच घट्ट होती.

"गॉर्डी, इकडे ये," एल्मा म्हणाली. "तीन आकडे हलतात. पेट घेणाऱ्या गॅसचा शून्यावरून हलत नाही. पन्नासपर्यंत जायला हवा. कुणीतरी हिच्यावर काहीतरी फवारलंय. तसल्या पॉलिशने ते नाक कायमचं मरतं. कुणी मारलंय का रे काही?"

कुणी बोललं नाही. खरं म्हणजे ज्याने बोलायला हवं होतं तो बोलला नाही.

गॉर्डीने मुम्मोकडे बघितलं. ती सुरू होती, हिरवा दिवा लागला होता, चारही आकडे जागच्या जागी. "नऊ वर्षांत काही झालं नाही," तो हसत म्हणाला, "आणि बरोबर शेवटच्या दिवशी ही आजारी पडली. एल्मा, मुहूर्त छान काढलास हं!"

पुन्हा सगळे हसले. या वेळी मात्र मला हसू आलं नाही. एल्माचा चेहरा उतरला. गॉर्डी बीट खात नसे तेव्हाही त्याने तिला खोटारडी म्हटलं नव्हतं. तिने मुम्मोला लाल फीत बांधली, म्हणजे हिला वापरू नका, आणि टँकरकडे गेली. मला वाटलं, जाऊ दे, संध्याकाळी एकटी असताना सांगू. चकाकीच्या फवाऱ्याने यंत्र मरतं यावर माझाही धड विश्वास बसत नव्हता.

निघताना गॉर्डीने ती फीत सोडून खिशात टाकली. मिरवणुकीत पोरं केबिनमध्ये डोकावतात, लाल फीत बरी दिसत नाही म्हणे. तेही मी बघितलं. बंब सुरू केला आणि निघालो.

मिरवणूक दरवर्षीसारखीच. पुढे आम्ही, मागे चार ट्रॅक्टर, मग ट्रेलरवर खुर्च्या टाकून बसलेले अकॉर्डियनवाले, आणि त्यांच्या मागे टँकर. टँकरच्या खिडकीतून एल्मा पोरांना गोळ्या फेकत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते. आम्ही लुथरन चर्चपाशी आलो आणि मार्लिस निएमी, जी दरवर्षी चर्चच्या तळघरात विक्रीसाठी मांस-बटाट्याच्या पेस्ट्या भाजते, ती एप्रनसकट धावत बंबाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्या पडल्या.

"खाली गॅसचा वास येतोय," ती धापा टाकत म्हणाली. "सकाळी भाजून झालं तेव्हा सगळं बंद करून वर आलो होतो. आता दुसरा घाणा टाकायला गेले तर पायरीवरच भसकन आला."

"आत कोणी आहे?" गॉर्डीने विचारलं.

"कोणी नाही. सगळ्या जणी मिरवणूक बघतायत."

गॉर्डीने मुम्मो उचलली आणि आम्ही दोघं बाजूच्या दाराने आत गेलो. तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी थांबलो. खाली काळोख. वास म्हणाल तर कांद्याचा आणि पिवळ्या सलगमाचा, एवढा की डोळे चुरचुरावेत. त्यात गॅसचा आहे की नाही हे माझ्या नाकाला सांगता येईना. गॉर्डीने मुम्मोला पट्ट्याने खाली सोडलं, तीन पायऱ्या, चार पायऱ्या. तीस मोजले. एल्माने शिकवलेलं तो विसरला नव्हता. मग वर ओढून बघितलं.

"शून्य," तो म्हणाला. "कांदे आहेत रे नुसते. लाइल, तुम्हा कॉर्निश लोकांना न चालणारं गाजर पेस्ट्यांत घातलंय का ते बघून येऊ चल." आणि त्याने भिंतीवरच्या दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

मी त्याची बाही धरली.

"काय?"

आता काय ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. "थांब," एवढंच म्हणालो.

"अरे का पण?"

तेवढ्यात पाठीमागून, अख्ख्या शाळेच्या जेवणघराला एका दमात गप्प करणारा आवाज आला.

"गॉर्डी! हात खिशात घाल!"

बावन्न वर्षांच्या चीफने दोन्ही हात खिशात घातले. बटण राहिलं जागच्या जागी. दारात एल्मा उभी होती, अडुसष्ट वर्षांची, चेहरा लालबुंद, गळ्यात पप्पा. चार ट्रॅक्टर आणि सगळे अकॉर्डियनवाले ओलांडून ती धावत आली होती. तिने आमच्याकडे बघितलंही नाही. पप्पाला पट्ट्याने खाली सोडायला लागली. दुसरी पायरी, चार. चौथी पायरी, नऊ. सहाव्या पायरीवर पप्पाने घोगरा टाहो फोडला. तळाशी आकडा एकतीसवर गेला. शंभर म्हणजे ठिणगी पडायचा अवकाश, आणि हा एकतीस फक्त जिन्याखालचा. स्वयंपाकघर अजून पलीकडे होतं.

एल्माने मला मुम्मोलाही त्याच्या शेजारी सोडायला लावलं. एका पट्ट्याला आजोबा जिवाच्या आकांताने ओरडतायत आणि दुसऱ्या पट्ट्याला आजी लिंबाचा वास मारत चकाचक, शून्य दाखवत लटकतेय. गॉर्डी दोन्हींकडे बघत राहिला.

"बाहेर," एल्मा म्हणाली. "सगळे बाहेर. लाइल, मागची टाकी बंद कर."

पुढचं काम रोजचंच. मी चर्चमागच्या टाकीची झडप बंद केली, आमच्या गड्यांनी लोकांना खुर्च्यांसकट दोन गल्ल्या मागे नेलं, तळघराच्या खिडक्या बाहेरून उघडल्या. अकॉर्डियनवाले तिकडे दूर जाऊन परत वाजवायला लागले, त्यांना कशाचंच काही नसतं. दीड तासाने पप्पा जमिनीवर ठेवला तरी शून्य दाखवायला लागला. शेगडीमागे पडलेला डाव काढायला सकाळी बायकांनी शेगडी ओढली होती, तेव्हा पाइपचा नट सैल झाला होता. बस, एवढंच.

हिरवळीवर सगळे जमले तेव्हा मी बोललो. सगळ्यांदेखत बोललो, कारण सकाळी गप्प बसलो तोही सगळ्यांदेखतच.

"मुम्मोला मी फवारा मारला. काल. माझ्या दुकानातला."

एल्माने वळून बघितलं. "लिंबाचा?"

"हो."

"नऊ वर्षं तिथे चिठ्ठी लावलीय, लाइल. मोठ्या अक्षरात. मुम्मोजवळ फवारा मारू नये."

"तुझा शेवटचा दिवस होता. म्हटलं जरा चमकावी. जूनमध्ये हात वर केला तेव्हापासून मला बरं वाटत नव्हतं. आणि सकाळी तू विचारलंस तेव्हा सांगायला हवं होतं. माझं चुकलं गं."

मला वाटलं आता या गावात आपल्याला दालचिनीचा पाव परत मिळणार नाही. मग तिच्या ओठाचा कोपरा हलला. "चमकत होती, हे खरं," ती म्हणाली. तिने बंबाच्या बंपरवर बसून वही उघडली, सकाळी कोरी ठेवलेली ओळ शोधली आणि लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं. "४ जुलै. ऊन. वारा तलावाकडून. मुम्मो ठीक नाही. कारण: लाइलचं प्रेम."

गॉर्डी हेल्मेट काखेत धरून आला. त्याचे कान लाल होते. गेली वीस वर्षं तो तिला एल्मा म्हणतो, अरे-तुरेत बोलतो. त्या दिवशी तो सहावीतल्या पोरासारखा उभा राहिला.

"मिसेस पेल्टोला, तुम्ही सकाळी सांगितलंत आणि मी हसलो. वर फीतही सोडली." त्याने ती लाल फीत खिशातून काढून तिच्यापुढे धरली. "बटण दाबलं असतं तर मी, लाइल... बाहेर दोनशे माणसं होती."

"दाबलं नाहीस ना?" एल्माने फीत घेतली आणि बंपरवरच्या मुम्मोला परत बांधली. मग गळ्यातली नाडी डोक्यावरून काढली. किल्ली तिच्या तळहातावर होती. "घे. चार जुलैला देते म्हणाले होते."

गॉर्डीने दोन्ही हात खिशात घातले.

"घे ना रे. किती वेळ धरू?"

"तुम्हीच सांगितलंत हात खिशात घाल म्हणून," तो म्हणाला. "काढ असं अजून म्हणाला नाहीत."

कोणीही हसलं नाही. एल्माने किल्लीकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि एप्रनच्या खिशात रुमाल शोधावा तसा तिचा हात जॅकेटवरून उगाच फिरला. तिथे रुमाल नव्हता. मार्लिसने आपला दिला. नाक पुसून झाल्यावर तिने नाडी परत गळ्यात घातली आणि किल्ली शर्टाच्या आत सोडली.

"मुम्मोचं नवं नाक येईपर्यंत पप्पाला फुस्स द्यायचं," ती मला म्हणाली. "बाटली धरायला तू येतोयस. उद्या सातला. आणि लाइल, हात साबणाने धुऊन ये."